वीज गेल्यावर फिश टँक : कर्वेनगरातील प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल २०२४, गुरुवार

हे काम ठरवून हाती घेतलेले नाही. आज सकाळी साडेनऊच्या सुमारास देखभालीसाठी आमच्या भागातली वीज बंद झाली, ती संध्याकाळी पावणेपाचला आली. गुरुवारचे बंद पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले असतात. सूचना कालच मोबाइलवर आली होती, ती वाचून मी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या, मोबाइल चार्ज केला आणि ऑफिसला गेले. हॉलच्या कोपऱ्यातल्या टँकचा विचार डोक्यात आला नाही.

सहा वाजता घरी आले तेव्हा चारही एंजल मासे पाण्याच्या अगदी वरच्या थराला, आ वासून, कल्ले फडफडवत उभे होते. बारा रमीनोज टेट्रांपैकी पाच मेलेले होते. तळाशी असलेल्या सहा कोरिडोरास माशांना आणि सकर माशाला मात्र काहीच झालेले दिसत नव्हते, कारण हे दोन्ही मासे वर येऊन हवेचा घोट घेतात आणि ती हवा त्यांच्या पोटात, आतड्यात वापरली जाते. टेट्राला ही सोय नाही. पाच आणि शून्य हा हिशेब नशिबाचा नाही, शरीररचनेचा आहे.

दुसरा धक्का फिल्टरचा. वीज आल्याबरोबर कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, आपोआप सुरू झाला होता आणि सात तास बंद डब्यात साचलेले पाणी त्याने टँकमध्ये ओतले होते. पाण्याला साचलेल्या डबक्यासारखा वास येत होता आणि काचेवर तपकिरी गाळाचा पातळ थर बसला होता. रात्री ४० लिटर पाणी बदलले. मासे उपाशी ठेवले आहेत.

१९ एप्रिल, शुक्रवार

पाण्यातला अमोनिया, जो माशांना विषारी असतो आणि शून्य असायला हवा, ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आणखी एक रमीनोज गेला. पुन्हा ३० लिटर पाणी बदलले.

२१ एप्रिल, रविवार

आज वही घेऊन बसले. टँक ९० × ३८ × ४५ सेंटिमीटरचा आहे. काठोकाठ धरला तर १५४ लिटर, पण वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी साधारण १२५ लिटर भरते. प्लगमध्ये लावायचे वॅटमीटर एका सहकाऱ्याकडून मागून आणले आणि एकेका उपकरणाची नोंद घेतली. कॅनिस्टर फिल्टर १४ वॅट, एअर पंप ३ वॅट, एलईडी लाइट २४ वॅट, आणि हिवाळ्यात लागणारा हीटर १०० वॅट.

लाइट यादीतून लगेच काढला. वनस्पती एक दिवस अंधारात राहिल्या म्हणून मरत नाहीत; उलट अंधारात त्या प्राणवायू देत नाहीत, वापरतात, हे लक्षात ठेवायला हवे. हीटरबद्दल मात्र घरात वाद झाला, कारण यजमानांच्या मते थंडीतला धोका जास्त आहे. १२५ लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ०.१४५ युनिट वीज लागते, म्हणजे तितकी उष्णता गमावल्याशिवाय पाणी एक अंशाने उतरत नाही. आमच्या हॉलमध्ये जानेवारीतसुद्धा पारा २० च्या फारसा खाली जात नाही. पाण्याचा एवढा साठा हळूहळू थंड होतो, आणि काचेला थर्माकोलचे पत्रे व वरून एक जुनी गोधडी लावली तर आणखी हळू. हीटर बॅटरीवर चालवणे म्हणजे पाण्यात पैसे ओतणे आहे. तोही यादीबाहेर.

उरले फिल्टर आणि हवा, मिळून १७ वॅट. सात तासांचे ११९ वॅट-तास. हा आकडा इतका लहान निघाला की मीटर बिघडले आहे की काय, असे वाटून पुन्हा मोजले.

२८ एप्रिल, रविवार

खरी अडचण किती वेळाने सुरू होते, हे पाहण्यासाठी आज घरात बसून प्रयोग केला. पडदे ओढले, टँकचे सगळे प्लग काढले, आणि थेंबांनी मोजायच्या किटने दर तासाला पाण्यातला प्राणवायू तपासला. किटमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंतच फरक कळतो, पण कामापुरते तेवढे पुरे आहे. पाण्याचे तापमान ३० अंश होते.

मुळात उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू मावतोच कमी. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात ७.६. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे हवेचा दाब साधारण सहा टक्क्यांनी कमी, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कमाल ७.१ च्या आसपासच. थंडीत चालून गेलेला निष्काळजीपणा उन्हाळ्यात का चालत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

सुरुवातीला ६.५. पहिल्या तासाअखेर ५.५. दुसऱ्या तासाअखेर ४.५. तिसऱ्या तासाला ४ दिसले, एंजल वर सरकू लागले, आणि मी सगळे सुरू केले. माझ्या टँकला उन्हाळ्यात अडीच ते तीन तासांची मुदत आहे, असे धरून पुढे चालायचे.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. तोच प्रयोग पुन्हा, पण या वेळी कॅनिस्टर बंद ठेवून पाच व्होल्टवर चालणारा, मोबाइलच्या चार्जरला लागणारा छोटा एअर पंप सुरू ठेवला. वॅटमीटरवर तो जेमतेम एक वॅट दाखवतो. पाच तास पाहिले: ६.५, ६, ६, ६, ६.

हा निकाल मला अपेक्षित नव्हता. बुडबुड्यांमधून पाण्यात थेट जाणारा प्राणवायू थोडाच असतो; मुख्य काम बुडबुडे पृष्ठभागाशी करतात, तिथले पाणी ढवळतात आणि खालचे, प्राणवायू संपलेले पाणी वर आणतात. कॅनिस्टरही हेच काम करत होता, फक्त १४ वॅट खर्चून. अर्थात कॅनिस्टरचे दुसरे काम, म्हणजे अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना वाहते पाणी पुरवणे, ते एअर स्टोनने, म्हणजे पंपाच्या नळीला लावलेल्या बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाने, होत नाही. तो प्रश्न बाजूला ठेवला आहे, सुटलेला नाही.

सासूबाईंनी दुपारी एक सूचना केली की तांब्याने पाणी काढून उंचावरून परत ओतत राहिले की झाले, त्यांच्या माहेरी हौदातल्या माशांना असेच करत. उपाय शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. पण दर दहा मिनिटांनी ओतणारे कोणीतरी घरात हवे, आणि गुरुवारी त्या स्वतः भजनाला जातात.

४ मे, शनिवार

आता विजेच्या सोयींची तपासणी. पहिला उमेदवार घरातलाच इन्व्हर्टर आहे: ९०० व्हीए, चौकोनी लहरीचा (म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा), २०१९ सालचा, १५० अँपिअर-तासाच्या ट्यूब्युलर बॅटरीसह. कागदावर १,८०० वॅट-तास, आणि बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नाही असे धरले तरी ९००. टँकला लागतात ११९. सगळे मित्र आणि नातेवाईक हाच सल्ला देतात, "इन्व्हर्टर आहे ना, मग जोडून टाक." जोडून पाहिले.

पहिली गोष्ट अशी की टँकचा प्लग पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर नाहीच. बिल्डरने त्या लाइनवर प्रत्येक खोलीतला एक पंखा, एक ट्यूब आणि टीव्हीचा पॉइंट घेतला आहे. टीव्हीच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून फिल्टर चालवला, तर त्याचा रोजचा जवळजवळ न ऐकू येणारा आवाज बदलून जड घुमा आवाज येऊ लागला, आणि पाऊण तासात डोक्याचा भाग हाताला कोमट लागला. अशा फिल्टरच्या मोटारीत चुंबकाचा रोटर असतो आणि तो विजेच्या लहरीच्या तालावर फिरतो. चौकोनी लहर त्याला मानवत नाही. साध्या एअर पंपाची गत तीच, त्याचा डायफ्रॅम कर्कश वाजतो.

दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती. शेजारच्यांच्या क्लॅम्प मीटरने बॅटरीच्या वायरवर मोजले, तेव्हा इन्व्हर्टरवर काहीही जोडलेले नसताना १.६ अँपिअर वाहत होते. म्हणजे २० वॅट नुसते जागे राहण्यासाठी. एक वॅटचा पंप चालवायला वीस वॅटचा पहारेकरी, असा हा हिशेब आहे.

तिसरी गोष्ट तांत्रिक नाही. वीज गेल्यावर या इन्व्हर्टरवर तीन पंखे फिरतात, प्रत्येकी सुमारे ७५ वॅट. सगळे धरून ९०० वॅट-तास तीन तासांच्या आत संपतात. मे महिन्याच्या दुपारी पंखे बंद ठेवा, मासे आहेत, असे मी घरात सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. शिवाय घरात कोणी नसताना बॅटरी वाया जाऊ नये म्हणून सासूबाई बाहेर पडताना इन्व्हर्टरचे पुढचे बटण बंद करून जातात. ज्या दिवशी टँकला गरज असते, नेमका त्याच दिवशी तो बंद असतो.

शुद्ध साइन लहरीचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, नवा इन्व्हर्टर बॅटरीसह वीस हजारांच्या घरात जातो. तो घरात आधीपासून असता, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून टँकचा पॉइंट त्या लाइनवर घेतला असता आणि या नोंदी इथेच थांबल्या असत्या. केवळ टँकसाठी तो घेणे मला पटत नाही.

५ मे, रविवार

संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. कॅनिस्टर आणि एअर पंप लावून प्लग काढला: १ तास २५ मिनिटांनी बंद. तोपर्यंत दर काही सेकंदांनी तो ओरडत होता, आणि वीज परत दिल्यावर हाताने बटण दाबेपर्यंत सुरू झाला नाही. रद्द.

पॉवर बँक जास्त आशादायक वाटली होती. २०,००० मिलिअँपिअर-तासाचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॅट-तास. पाच व्होल्टवर आणताना होणारी तूट सोडली तरी एक वॅटच्या पंपाला दोन दिवस पुरायला हवी. प्लगमधून पॉवर बँक, पॉवर बँकेतून पंप, अशी साखळी केली. भिंतीवरचे बटण बंद केले आणि पंप थांबला. वीज गेल्याच्या क्षणी ती आपले आउटपुट तोडते आणि बटण दाबेपर्यंत परत देत नाही. दुसऱ्या, जुन्या पॉवर बँकेने आउटपुट तोडले नाही, पण पंप इतका कमी विद्युतप्रवाह ओढतो की अर्ध्या मिनिटात मोबाइल भरला असे समजून ती स्वतःच झोपी गेली.

आजपर्यंत मी किती वॅट-तास, किती वॅट-तास याच प्रश्नाभोवती फिरत होते. पण तपासलेल्या प्रत्येक वस्तूत वीज पुरेशी होती, निदान एअर पंपापुरती. अडले ते बटणापाशी. घर रिकामे असताना, कोणाचा हात न लागता, वीज जाताच सुरू होणे आणि येताच थांबणे, ही माझी खरी अट आहे, आणि ती मी १८ एप्रिललाच लिहायला हवी होती.

११ मे, शनिवार

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. काल अक्षय्य तृतीया होती; लोकांनी सोने घेतले, मी एक दिवस उशिरा रिले, म्हणजे विजेने आपोआप चालणारा स्विच, घेतला.

दुकानदाराला अडचण सांगितली तेव्हा त्यांनी आधी वायफायचा यूपीएस पुढे केला. घरून काम करणाऱ्यांच्या राउटरला असतो तो हाच, १२ व्होल्टचा. वीज गेल्यावर त्यात खंड पडत नाही, हे त्यांनी काउंटरवरच प्लग काढून दाखवले. लहान टँकला, बाराएक लिटरच्या फायटर माशाच्या भांड्याला वगैरे, हा उत्तम आहे आणि मी कोणालाही तो सुचवीन. माझी अडचण एवढीच की त्याला जोडायचा १२ व्होल्टचा एअर पंप छोट्या मोटारीवर चालतो. तो बारा महिने चोवीस तास चालवला तर मोटारीचे ब्रश झिजतात, आणि नेमका गरजेच्या दिवशी तो दगा देणार. तो एरवी बंद आणि वीज गेल्यावरच चालू हवा.

"मग मॅडम, तुम्हाला इमर्जन्सी लाइटचं सर्किट पाहिजे, पंपाचं नाही," असे ते म्हणाले आणि मागच्या खणातून आठ पिनांचा, २३० व्होल्ट कॉइलचा रिले काढला, सोबत त्याचा गोल बेस. याची रचना इतकी सरळ आहे की आधी सुचली नाही याचे नवल वाटते. घरात वीज असते तोवर २ आणि ७ या पिनांवरची कॉइल पट्टीला ओढून धरते आणि १ व ४ या पिनांमधला जोड उघडा राहतो. वीज गेली की कॉइल सुटते, स्प्रिंग पट्टीला मागे खेचते, १ आणि ४ जुळतात आणि बॅटरीची वीज पंपाकडे जाते. कुठलीही चिप नाही, झोपी जाणारे सॉफ्टवेअर नाही. वीज नसणे हाच तिला मिळणारा हुकूम आहे.

बॅटरी निवडताना अर्धा तास गेला. शिशाची ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी निम्म्या किमतीत मिळते, पण ती पूर्ण उतरवली की तिचे आयुष्य घटते आणि उन्हाळ्यात तापमान दर दहा अंशांनी वाढले की ते जवळजवळ निम्मे होते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली. तिच्या आत जादा उतरणे आणि जादा भरणे रोखणारे कार्ड असते. १२ व्होल्टचा पंप ०.३ अँपिअर घेतो. हिशेबाने वीस तास.

चार्जरचे काम घरातला जुना लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर करील. त्याच्यापुढे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही बांधून देणारे छोटे मॉड्यूल, एक डायोड आणि एक अँपिअरचा फ्यूज. सगळे मिळून ३,४०० रुपये झाले, त्यात दोन तृतीयांश वाटा बॅटरीचा.

१३ मे, सोमवार

पुण्यात आज मतदान, त्यामुळे सुट्टी. इलेक्ट्रिशियन सकाळी येणार होते. ते रांगेतून सुटून तीन वाजता आले, डाव्या तर्जनीवर शाई ताजी होती. बॅटरीच्या बाजूची जोडणी मी करून ठेवली होती, पण २३० व्होल्टची बाजू मी हात लावायची नाही, असे आधीच ठरवले होते. पाण्याशेजारी हौस चालत नाही.

रिले एका प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवला. मॉड्यूलचा स्क्रू फिरवत बॅटरीच्या टोकांवर १३.६ व्होल्ट आणले. ही बॅटरी १४.६ पर्यंत भरता येते, पण महिनोन्‌महिने भरलेल्या स्थितीत तिष्ठत राहायचे असेल तर थोडे खाली ठेवलेले बरे. टँककडून येणाऱ्या प्रत्येक वायरला प्लगच्या पातळीखाली झोळ दिला, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

मेन स्विच खाली केला. बॉक्समधून टक् असा आवाज आला आणि लगेच टँकमध्ये बुडबुडे सुरू झाले. स्विच वर, टक्, बुडबुडे बंद. इलेक्ट्रिशियनने स्वतः चार वेळा करून पाहिले.

१४ मे, मंगळवार

सकाळी कपाटाच्या फळीवर पाणी. रात्री चाचणी संपल्यावर पंप थांबला, आणि टँकमधले पाणी नळीतून उलटे चढून, सायफनने, खाली फळीवर ठेवलेल्या पंपात उतरले. पंपाच्या झाकणाच्या फटीतून थेंब थेंब गळत ते जंक्शन बॉक्सपासून चार बोटांवर साचले होते.

नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, होता. तो काढून तोंडाने फुंकून पाहिला तर हवा दोन्हीकडून सारखीच जात होती. आतली रबराची जीभ कडक होऊन उघडीच राहिली होती. व्हॉल्व जुन्या पंपाचा, तीन-चार वर्षांचा, काटकसर म्हणून मीच पुन्हा वापरलेला. दहा-पंधरा रुपयांच्या वस्तूत केलेली काटकसर पाचशे रुपयांच्या पंपाला भोवली. नवा पंप आणि नवे व्हॉल्व आणले, आणि पंप आता पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीला खिळ्यावर टांगला आहे. व्हॉल्व असो वा नसो, पाणी वर चढत नाही.

१९ मे, रविवार

पूर्ण उतरवून चाचणी. शनिवारी दुपारी २.१० ला प्लग काढला. आज सकाळी ७.५० ला पंप थांबला. १७ तास ४० मिनिटे. कागदावरच्या वीस तासांपेक्षा कमी, पण माझ्या १२ तासांच्या उद्दिष्टापेक्षा बरेच जास्त. प्राणवायू शेवटपर्यंत ६.

२७ मे, सोमवार

काल संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. सुरुवातीला नुसती धूळ, मग गारा, आणि मग कोपऱ्यावरच्या गुलमोहराची फांदी तारांसकट खाली आली. रात्री ८ ते सकाळी ७, अकरा तास वीज नव्हती. आम्ही लग्नाला सासवडला गेलो होतो, रात्री तिथेच राहिलो, आणि फोनवर शेजाऱ्यांकडून बातमी कळली तेव्हा मला झोप लागली नाही, असे लिहिले तर खोटे ठरेल; लागली.

सकाळी नऊला घरी आलो. एकही मासा गेलेला नाही. पण टँकमध्ये पुन्हा तोच डबक्याचा वास होता. वीज सातला आल्यावर कॅनिस्टरने अकरा तास कोंडलेले पाणी टँकमध्ये सोडले होते. अमोनिया ०.२५. १ मे रोजी बाजूला ठेवलेला प्रश्न समोर येऊन बसला.

२ जून, रविवार

फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवर जगतात, आणि बंद डब्यात वाहते पाणी थांबले की तिथला प्राणवायू टँकमधल्यापेक्षा फार लवकर संपतो, कारण जागा लहान आणि जिवाणूंची वस्ती दाट. त्यामुळे कॅनिस्टर बॅटरीवर चालवणे हा एक मार्ग झाला, म्हणजे पुन्हा साइन लहर, पुन्हा १४ वॅट. दुसरा मार्ग स्वस्त आहे: जिवाणूंची दुसरी वस्ती अशा ठिकाणी वसवायची की जिला हवा पुरेल.

आज टँकच्या मागच्या कोपऱ्यात स्पंज फिल्टर लावला. रोज तो नेहमीच्या २३० व्होल्टच्या एअर पंपावर चालेल आणि वीज गेली की १२ व्होल्टच्या पंपावर. दोन्ही पंपांच्या नळ्या टी आकाराच्या जोडाने एकत्र आणल्या आहेत, आणि प्रत्येक नळीत तिचा तिचा नॉन-रिटर्न व्हॉल्व आहे, नाहीतर चालू पंपाची हवा बंद पंपातून बाहेर निघून जाईल. चारही व्हॉल्व, दोन लावलेले आणि दोन राखीव, आधी तोंडाने फुंकून घेतले. ही सवय आता जाणार नाही.

नव्या स्पंजवर वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. काम लवकर व्हावे म्हणून कॅनिस्टरमधला जुना स्पंज टँकच्याच पाण्याच्या बादलीत पिळला आणि तो गढूळ रस नव्या स्पंजवर ओतला. दिसायला किळसवाणे आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे विरजण लावण्यासारखंच झालं की." यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते.

१६ जून, रविवार

कॅनिस्टर आपोआप सुरू होऊ नये यासाठी पाण्याच्या मोटारीला असतो तसा स्टार्टर लावण्याचा विचार केला होता. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवे बटण दाबेपर्यंत लागत नाही. इलेक्ट्रिशियनने लावून देण्याची तयारी दाखवली, पण मी नको म्हटले. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन मिनिटे वीज जाण्याचे प्रकारच जास्त होतात, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर फिल्टर संध्याकाळपर्यंत बंद पडून राहिला तर अर्ध्या तासाच्या बंदपेक्षा हा उपाय महाग पडेल.

त्याऐवजी नियम केला आहे. बंदची सूचना आली असेल त्या दिवशी घरातून निघताना कॅनिस्टरचे बटण हाताने बंद करायचे, संध्याकाळी डबा उघडून मीडिया, म्हणजे जिवाणू ज्यावर राहतात ते आतले स्पंज वगैरे, टँकच्या पाण्यात खळखळून घ्यायचा, जुने पाणी मोरीत ओतायचे आणि मगच सुरू करायचा. नळाचे पाणी मीडियाला लावायचे नाही, त्यातले क्लोरिन जिवाणूंना मारते. त्या दिवशी माशांना खाऊ घालायचे नाही. सूचना न देता वीज गेली तर कॅनिस्टरचे पाणी टँकमध्ये जाणारच. पण आता स्पंज जिवंत असतो, आणि तो पुढचे दोन दिवस भार उचलतो, असा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे पुढच्या अमोनियाच्या वाचनावरून कळेल.

१ जुलै, सोमवार

मासिक तपासणी. प्लग काढला, टक् ऐकू आले, बुडबुडे सुरू. अर्ध्या तासाने बॅटरी १३.२ व्होल्ट. व्हॉल्व फुंकून पाहिले, ठीक. गेल्या गुरुवारी सहा तास वीज नव्हती. शुक्रवारी सकाळी अमोनिया शून्य होता. सहा रमीनोज आणले आहेत, ते वेगळ्या टबात दोन आठवडे राहतील.

सासूबाईंनी रिलेच्या बॉक्सवर चिकटपट्टी लावून तिच्यावर स्केच पेनने लिहिले आहे: "हे बंद करू नये. मासे."